आईला खरं सांगू की बरं?

नागपूरच्या पाचपावलीहून एका शिक्षकाचं आठ पानी पत्र आलं आहे. नावं गाळून त्यातला मुख्य भाग देते.

"ताई, सप्रेम जय भीम. आई ७९ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी मेडिकल कॉलेजमध्ये तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. बाबा एम्प्रेस मिलमध्ये स्पिनिंगला होते. ते जाऊन अकरा वर्षं झाली. आई दिवसभर बरी असते. पदराशी काहीतरी वेडे चाळे करत बसते, पण त्रास नाही. दिवेलागण झाली की फाटकाशी जाऊन उभी राहते आणि विचारते, 'भोंगा तर केव्हाचाच झाला, तुझे बाबा आले नाही जी अजून?' बायको सांगते, 'येऊन राहिले आई, आज ओव्हरटाइम आहे.' आई शांत होते, चहा पिते. मी घरी असलो की खरं सांगतो, 'आई, बाबा गेले.' मग ती अशी रडते की जसं आत्ताच कळलं. रात्री जेवत नाही, चिडचिड करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. बायको म्हणते, तुम्ही कसाई आहात. मी म्हणतो, पंचशील घेतलेल्या घरात रोज संध्याकाळी खोटं बोलायचं का? बाबांनी आम्हा तिघांना एकच शिकवलं, मार खा पण खोटं बोलू नको. आईनं विड्या वळून आम्हाला शिकवलं, तिनंही कधी खोटं खपवून घेतलं नाही. परवा नववीतली मुलगी म्हणाली, 'मम्मीचं खोटं चालते, मग माझं काऊन नाही?' मागच्या आठवड्यात आईनं एकाच संध्याकाळी चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी ओरडूनच सांगितलं. त्या रात्री झोप लागली नाही. बहीण वर्ध्याला असते, धाकटा भाऊ बुटीबोरीला. घर आईच्या नावावर आहे. भाऊ म्हणतो, पेन्शनचे कागद आहेत असं सांगून तिचा अंगठा घेऊ आणि बक्षीसपत्र आपल्या दोघांच्या नावे करून घेऊ, तिला आता कुठं काय समजते. ते होईल तेव्हा होईल. मला फक्त एवढं सांगा, सत्य आणि करुणा यांत मोठं काय?"

सप्रेम जय भीम, भाऊ.

मोठं काय, हा प्रश्न निबंधाला द्यायला ठीक आहे. तुमच्यापुढे दिवेलागणीला फाटकाशी उभी असलेली एक म्हातारी आहे. तिला नवऱ्याची काळजी लागली आहे, आणि पुढच्या मिनिटाला तिला काय म्हणायचं एवढंच तुम्हाला ठरवायचं आहे. तिथून सुरू करू.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर झिजू लागतो. नव्या गोष्टी साठवून ठेवायचं काम त्याचं. म्हणून सकाळी पोहे खाल्ले हे आईला आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीची मिलची पाळी आठवते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल आता नाही, तिच्या जागेवर मॉल आहे, तुमची मुलगीही मैत्रिणींबरोबर तिथं जात असेल. आईच्या कानात मात्र भोंगा होतोच आहे. तुम्ही 'बाबा गेले' म्हणता ती बातमी तिच्याजवळ टिकत नाही. पण बातमी गेली तरी दुःख जात नाही, आणि हे घरच्या माणसांना सहसा कोणी सांगत नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्या लोकांना रडवणारी आणि हसवणारी दृश्यं दाखवून पाहिली होती. २०१४ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. काय पाहिलं हे त्या लोकांना थोड्याच वेळात धड सांगता येईना, मन मात्र त्यानंतरही जड किंवा हलकं राहिलं होतं. तुमच्या घरी रोज तेच होतं आहे. कळलं ते पुसलं जातं आणि रडू तेवढं उरतं, कशाचं हेही तिला ठाऊक नसतं. रात्री ती जेवत नाही, चिडते, त्याचं मूळ इथं असण्याचा संभव बराच आहे.

आपण एखाद्याला खरं सांगतो ते त्याला कळावं, पचावं, त्यावर उभं राहून त्यानं पुढचं काही ठरवावं म्हणून. किसा गोतमीची कथा तुम्ही वर्गातही सांगितली असेल. मेलेलं बाळ छातीशी धरून औषध मागत फिरणारी ती बाई. तिला 'मूल मेलंय, घरी जा' असं भगवान बुद्धांनी सांगितलं नाही. ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरची मोहरी आणायला पाठवलं. दारोदार फिरून ती परत आली तेव्हा तिचं तिलाच कळलेलं होतं. तुमच्या आईला या आजारानं ती परतीची वाट ठेवलेली नाही. तुम्ही रोज तिला पहिल्या दाराशीच उभी करता.

आता शीलाचं. आजारी माणसाशी खोटं बोललं तर काय बिघडतं, असं तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असणार. मी तसं सांगणार नाही. खोटं न बोलण्याचं चौथं शील तुम्ही इतकं मनावर घेता याचा मला आदर आहे. हल्ली वंदनेला उभे राहणारे पुष्कळ दिसतात, ते अंगाला लावून घेणारे कमी. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत मी खोटे बोलणार नाही ही आहे, तशी प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे, आणि दयेची आधी येते. लोकांनी त्या एका दमात घेतल्या, यातली एक निवडा असं तेव्हा कोणी सांगितलं नाही.

मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातलं अभयराजकुमार सुत्त तुमच्या वाचनात आलं असेल तर पुन्हा काढा. राजकुमार अभय तथागतांना, म्हणजे बुद्धांना, पेचात पकडायला येतो. समोरच्याला टोचेल असं तथागत बोलतात का, हा त्याचा प्रश्न. हो म्हणावं तर साध्या माणसात आणि त्यांच्यात फरक काय राहिला, आणि नाही म्हणावं तर संघात फूट पाडणाऱ्या देवदत्ताला ते तसं बोललेच होते. तेव्हा अभयच्या मांडीवर तान्हं मूल असतं. तथागत त्यालाच विचारतात, या मुलानं काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील? अभय म्हणतो, एका हातानं डोकं धरीन, बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची कणव आहे. मग तथागत आपल्या बोलण्याची कसोटी सांगतात. जे खरं नाही ते बोलत नाहीत. जे खरं आहे पण ज्यानं कुणाचं हित नाही, तेही बोलत नाहीत. आणि जे खरंही आहे, हिताचंही आहे, ते गोड असो की कडू, वेळ पाहून बोलतात.

तुमचं संध्याकाळचं वाक्य या कसोटीला लावा. खरं आहे. हिताचं नाही. वेळही ती नाही. मग शील पाळण्यासाठी ते बोलायलाच हवं असं कुठं आहे? न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

त्या सुत्तात सहा प्रकार सांगितले आहेत, आणि खोटं पण हिताचं असा प्रकार त्या सहांत नाहीच. म्हणजे वहिनींच्या ओव्हरटाइमला तिथून थेट परवाना मिळत नाही. मला स्वतःला तो ओव्हरटाइम फारसा आवडत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. त्यानं आई आणखी वाट पाहत बसते. कधीतरी ती म्हणेल, इतका वेळ झाला, जाऊन पाहून ये. मग दुसरं खोटं, मग तिसरं. तरीही तुमच्या सत्यापेक्षा वहिनींचं खोटं आईला कमी दुखवतं, एवढं मान्य करून टाका. आणि कसाई म्हटल्याचा राग धरू नका. तुम्ही संध्याकाळी साडेपाचला घरी येता, त्या दिवसभर असतात.

मग म्हणायचं काय? आई जे विचारते आहे त्याच्या पोटात काय आहे ते पाहा. तिला हजेरीची नोंद नको आहे. माणूस घरी आला नाही, जीव लागला आहे, एवढंच ती सांगते आहे. तेव्हा तिच्याजवळ जा, दंडाला धरून आत आणा आणि म्हणा, "बाबांची आठवण येऊन राहिली ना आई?" ती हो म्हणेल. मग विचारा, "डब्यात काय देत होतीस त्यांना?" भाकर म्हणेल, जवसाची चटणी म्हणेल, कदाचित कांदा विसरल्याची एखादी जुनी तक्रार काढेल. बोलू द्या. दीक्षा झाली तेव्हा ती दहाएक वर्षांची असणार, पांढरी साडी नेसून आईचं बोट धरून गेली होती असं तुम्हीच सातव्या पानावर लिहिलं आहे. तेही विचारा. यात एकही शब्द खोटा नाही, आणि बाबा गेले हेही तुम्ही लपवत नाही, फक्त तोंडावर मारत नाही. पहिल्या दिवशी जमेल असं नाही. काही संध्याकाळी ती ऐकणारच नाही, फाटक सोडणारच नाही. तेव्हा तिच्याबरोबर फाटकाबाहेर पडा, कोपऱ्यापर्यंत जा, परत या. बहुतेकदा तेवढ्यात मन दुसरीकडे लागतं.

एक अपवाद आहे. एखाद्या सकाळी, डोकं स्वच्छ असताना, ती तुमच्याकडे नीट पाहून विचारेल, "खरं सांग, ते गेले ना रे?" तेव्हा टाळू नका. शेजारी बसा, हात हातात घ्या आणि हो म्हणा. त्या क्षणी तिला ते कळतं आहे आणि ते ऐकण्याचा तिला हक्क आहे.

आता त्या वेड्या चाळ्यांबद्दल. तिसऱ्या पानावर तुम्ही त्यांचं वर्णन केलं आहे. आई पदराचं टोक कापल्यासारखं करते, चिमटीनं त्यात काहीतरी ठेवते, दोन्ही अंगठ्यांनी गोल वळते, तोंड दुमडते आणि उजवीकडे ठेवल्यासारखं करते. आणि सहाव्या पानावर लिहिता की तिनं विड्या वळून तुम्हाला शिकवलं. भाऊ, तेंदूच्या पानाचा तुकडा, चिमूटभर तंबाखू, वळणी, दोरा. ती काम करते आहे. हाताला लागलेली सवय मेंदूच्या वेगळ्या भागांत असते आणि या आजारात ती बरीच उशिरापर्यंत टिकते. तंबाखू देऊ नका, पण कागदाचे तुकडे आणि दोरा द्या, पाखडायचं सूप द्या. दुपारी चार-साडेचारला द्या आणि समोर बसून मोजा, "आई, किती झाल्या?" म्हणून. दिवेलागणीच्या आधी हात गुंतलेले असले तर पाय फाटकाकडे कमी वळतात.

संध्याकाळीच हे का वाढतं, त्यालाही कारणं आहेत. दिवसभराचा थकवा, शरीराचं बिघडलेलं घड्याळ, अंधूक उजेडात लांबलेल्या सावल्या. सूर्य बुडायची वाट न पाहता घरातले दिवे लावा. दुपारची झोप आटपती ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही आणि पाणी कमी पडलं की डोकं आणखी भरकटतं, तेव्हा तासातासाला दोन घोट पाजा. एखाद्या आठवड्यात अचानक फार बिघडलं तर आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठलं तरी दुखणं तिला सांगता येत नाही, म्हणून ते असं बाहेर पडतं. तेव्हा थेट डॉक्टरकडे न्या. थायरॉइड आणि बी १२ च्या तपासण्या झाल्या होत्या का, तेही जुन्या कागदांत पाहून घ्या.

ओरडलात त्याबद्दल. त्याचं ओझं घेऊन बसू नका, पण तो प्रसंग विसरूही नका. चौथ्यांदा सांगितलेलं 'बाबा गेले' आणि पहिल्यांदा सांगितलेलं, शब्द तेच होते. चौथ्या वेळी ते आईला कळावं म्हणून नव्हते, तिनं गप्प बसावं म्हणून होते. माणसाचं हे असंच असतं, राग आला की हाताशी असलेली सगळ्यात जड वस्तू उचलतो, आणि सत्यवादी माणसाच्या हाताशी सत्य असतं. दमलेल्या माणसाला संयम शिकवण्यात अर्थ नाही, त्याला सुट्टी लागते. तुम्हालाही आणि त्याआधी वहिनींना. रविवारी दिवसभर आईजवळ बसायला बुटीबोरीच्या भावाला बोलवा. मनावर फारच ताण येतो आहे असं वाटलं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीच्या चौकशीला एल्डरलाइनचा १४५६७.

मुलीला काय सांगायचं? तिनं विचारलं ते चोख विचारलं आहे. तिला गप्प करू नका आणि मोठ्यांचं वेगळं असतं असंही म्हणू नका. तिला विचारा, तू खोटं बोलतेस तेव्हा त्यातून कुणाचं काम होतं, तुझं की समोरच्याचं? नववीतल्या मुलीला हे पुरतं कळतं. मग तिला आजीसमोर कागदाच्या विड्या मोजायला बसवा.

हे सगळं तुम्ही आठ पानांत लिहिलं. आता ज्याला तुम्ही चार ओळी दिल्या तिकडे येते.

रोज संध्याकाळी एका म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोललेल्या दोन शब्दांवर तुम्ही झोप घालवता. आणि त्याच म्हातारीला पेन्शनचे कागद आहेत असं सांगून तिचं घर लिहून घ्यायचं म्हटलं तर 'ते होईल तेव्हा होईल'? मुसावाद, म्हणजे शील मोडणारं खोटं, म्हणतात तो हा. ओव्हरटाइमच्या खोट्यानं वहिनींना एक पैचा लाभ नाही. या खोट्यातून तुम्हा दोघा भावांना घर मिळतं. तुमचा त्यात पुढाकार नाही हे दिसतं आहे, पण नकारही दिसत नाही. परक्याचं खोटं आपल्याला लगेच दिसतं, आपल्या फायद्याचं खोटं व्यवहार म्हणून खपून जातं, आणि यात तुम्ही एकटे नाही. या सदराला येणाऱ्या पत्रांत घराचा विषय निघाला की भल्या भल्या माणसांची वाक्यं अशीच आखडतात.

कायद्याचंही ऐका. आपण काय करतो आहोत आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे ज्याला समजत नाही, त्याचा करार १८७२ च्या करार कायद्यात टिकत नाही, आणि करार करायला जो पात्र नाही तो मालमत्ता बक्षीसही देऊ शकत नाही. दीड वर्षापूर्वीचं मेडिकलचं निदान तुमच्या कपाटात आहे. उद्या ते बक्षीसपत्र कोर्टात गेलं तर सगळ्यात आधी हाच कागद पुढे येईल. दुसरं, मृत्युपत्र नसलं तर आईच्या मागे तिच्या घरात तिन्ही मुलांचा सारखा वाटा असतो. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे त्या अंगठ्यानं आईबरोबर वर्ध्याची बहीणही फसवली जाते, आणि पत्रात बहिणीला तुम्ही एका वाक्यात, फक्त गावापुरतं बसवलं आहे. आईच्या औषधपाण्यासाठी घराचं खरोखरच काही करावं लागणार असेल तर चांगला वकील गाठा. ज्या माणसाला स्वतःचं बरंवाईट कळत नाही त्याच्यासाठी हायकोर्टाकडून पालक नेमून घेण्याचा रस्ता आहे, आणि आपल्याकडे खंडपीठ गावातच आहे. तो रस्ता लांबचा आहे, खर्चाचाही आहे, पण उघडा आहे.

भावाशी भांडू नका. त्याला म्हणा, अंगठा घ्यायला येऊ नको, रविवारी आईजवळ बसायला ये. तो चिडेल, चार दिवस बोलणार नाही. बहिणीला मात्र आजच फोन करा, घराबद्दल काय बोलणं झालं ते सगळं सांगा, तुम्ही गप्प राहिलात हेही सांगा. भावाकडून तिला कळायच्या आत.